जोडबसचे दुसरे घर

एखादे यंत्र एका गावी नकोसे झाले म्हणजे ते निकामीच झाले, असे म्हणता येईल का? आणि तेच यंत्र दुसऱ्या गावी नेले, तर तेथे ते आपोआप उपयोगी पडेल का? लंडन शहराने रस्त्यावरून काढून टाकलेल्या जोडबसच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात. हा इतिहास फार जुना नाही. पण यंत्र आणि परिसर यांचे नाते समजून घेण्यासाठी तो चांगला उपयोगी पडतो, असे आम्हांला वाटते.

प्रथम जोडबसची रचना पाहू. दोन डबे, त्यांच्यामध्ये एक फिरती चकती आणि सांध्यावर पेटीच्या भात्यासारखे घडीचे आच्छादन, असे हिचे रूप असते. साधी मोठी बस सुमारे १२ मीटर लांब असते, जोडबस १८ मीटर. एवढी लांब बस अखंड बांधली, तर शहरातल्या वळणावर ती अडकून पडेल. सांध्यामुळे ती वाकते आणि १२ मीटरच्या बसला वळायला जेवढी जागा लागते, साधारण तेवढ्याच जागेत वळते.

हंगेरीत तयार झालेल्या इकारुस २८० या प्रसिद्ध जोडबसमध्ये इंजिन पुढच्या डब्याच्या तळाखाली असे. ते मधली चाके फिरवी आणि मागचा डबा नुसता ओढला जाई. लंडनने घेतलेल्या मर्सिडीज-बेंझ सिटारो बसमध्ये चढणे-उतरणे सोपे व्हावे म्हणून तळ खाली आणला होता. त्यामुळे इंजिन गेले अगदी मागे. म्हणजे येथे मागचा डबा पुढच्याला ढकलतो. दोरी टोकाला धरून ओढली तर सरळ राहते, मागून ढकलली तर दुमडते. बसचेही असेच होऊ नये म्हणून सांध्यात तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे बसवलेले असतात. सांधा गरजेपेक्षा जास्त दुमडू लागला, की ते त्याला विरोध करतात.

लंडनमध्ये या बस २००२ साली धावू लागल्या. तिकीट आधीच काढायचे आणि तिन्ही दारांनी एकदम चढायचे, अशी पद्धत असल्यामुळे थांब्यावर वेळ कमी जाई. बसायच्या जागा पन्नासच्या आत, पण उभे राहणारे धरून सुमारे १४० माणसे मावत. रेल्वे स्थानकाबाहेर एकदम लोटणारी गर्दी उचलायला ही सोय उत्तम होती. मात्र तक्रारीही होत्या. ही लांब बस चौक अडवते, सायकलस्वारांना तिची भीती वाटते, तिकीट न काढता कोणीही मागच्या दाराने चढतो, असे लोक म्हणत. सुरुवातीच्या काळात काही बसना आगही लागली आणि २००४ साली दुरुस्तीसाठी अनेक बस काही काळ बाजूला काढाव्या लागल्या. २००८ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी जोडबस हटवण्याचे आश्वासन दिले आणि ते निवडून आले. २००९ पासून एकेका मार्गावरून या बस काढण्यात आल्या. डिसेंबर २०११ मध्ये २०७ क्रमांकाच्या मार्गावरची शेवटची जोडबसही थांबली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या बस झिजल्या म्हणून निवृत्त झाल्या नव्हत्या. बहुतेकींचे वय दहा वर्षांच्या आतच होते. त्या नकोत हे शहराने ठरवले होते. साहजिकच त्यांच्यासाठी नवे घर शोधणे सुरू झाले.

काही बस इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथे गेल्या. तेथे शहराबाहेरच्या विद्यापीठांकडे जाणाऱ्या २५ क्रमांकाच्या मार्गावर त्या काही वर्षे चालल्या. तासिकांच्या वेळी एकदम जमणारी विद्यार्थ्यांची गर्दी, फार लांब नसलेला प्रवास आणि बराचसा सरळ, मोठा रस्ता, हे सारे जोडबसच्या गुणांना साजेसे होते.

साठांहून अधिक बस भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटावर गेल्या. या देशाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर. जुनी दगडी गावे, अरुंद गल्ल्या आणि कडक उन्हाळा. ३ जुलै २०११ रोजी अराइव्हा या कंपनीने तेथील बससेवा हाती घेतली, तेव्हा लंडनच्या जोडबस बेटावर धावू लागल्या. अरुंद रस्त्यांवर त्या अडचण करतात, अशी ओरड लवकरच सुरू झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये लागोपाठ काही बस पेटल्या आणि सरकारने साऱ्या जोडबस रस्त्यावरून हटवल्या. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीनेही तेथील काम सोडले.

या प्रसंगाला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. जुन्या वाहनांचा नवा उपयोग माल्टाला मुळीच अपरिचित नव्हता. जोडबस येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तेथे पिवळ्या-नारिंगी रंगाच्या जुन्या बस धावत होत्या. त्यांतील कित्येक बस लष्करी मालमोटारींच्या किंवा ब्रिटनमधून आलेल्या जुन्या गाड्यांच्या सांगाड्यावर स्थानिक कारागिरांनी बांधलेल्या होत्या. अनेकदा चालकच मालक असे. तोच तिची निगा राखी, तोच ती सजवी. गल्ली केवढी आणि चढ किती, हे बांधणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे गाडी त्या मापाची होई. या बस धूर फार सोडत आणि अपंगांना व वृद्धांना त्यांच्या पायऱ्या चढणे अवघड जाई, हेही खरे. त्या बदलणे आवश्यकच होते. पण त्यांच्यामागची रीत शिकण्यासारखी होती. तेथे जुने यंत्र आले ते नव्या जागेसाठी बदलले गेले. जोडबसच्या बाबतीत यंत्र तसेच राहिले आणि बेटाने स्वतःला बदलावे, अशी अपेक्षा झाली. १८ मीटर लांबीची बस कापून १० मीटरची करता येत नाही आणि शेकडो वर्षांच्या गल्ल्याही रुंद करता येत नाहीत.

यावरून असे दिसते की, एखादी वस्तू चांगली की वाईट हे केवळ तिच्या अंगच्या गुणांवर ठरत नाही. तीच बस ब्रायटनला सोयीची झाली आणि माल्टात डोईजड. काटकसर म्हणून जुनी वस्तू स्वीकारताना किमतीइतकाच आणखी एक प्रश्न विचारायला हवा : ती येथे बसते का, आणि बसत नसेल तर ती बदलण्याचे कौशल्य आपल्या हाती आहे का?

हा प्रश्न वर्गाबाहेरही नेता येईल. शिक्षकांनी १८ मीटर लांबीची दोरी घेऊन विद्यार्थ्यांसह गावातल्या मुख्य चौकात, वर्दळ नसेल अशा वेळी, जावे. ती रस्त्याच्या कडेला अंथरावी, वळणाची रुंदी मोजावी आणि कागदावर प्रमाणात आकृती काढून पुठ्ठ्याचे दोन जोडलेले तुकडे त्यावरून फिरवून पाहावेत. एवढी मोठी बस आपल्या गावात कोठून जाईल, कोठे अडेल आणि कोणाच्या वाटेत येईल, याचा निर्णय मुलांनाच करू द्यावा.