मुलाचे मिटलेले डोळे

गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की कुणीतरी म्हणतंच, "ताई, रात्रभर डोळ्याला डोळा नाही." झोपेचेही डॉक्टर असतात, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. त्या शास्त्राला मोठं वळण देणारा माणूस मात्र डॉक्टर नव्हता.

युजीन अ‍ॅसेरिन्स्की. जन्म १९२१, अमेरिकेतल्या ब्रुकलिनचा. समाजशास्त्र शिकला, स्पॅनिश शिकला, वडिलांसारखं दातांचा डॉक्टर व्हायला गेला आणि तेही सोडलं. महायुद्धात लष्करात स्फोटकं हाताळली, नंतर सरकारी नोकरी केली. १९४९ मध्ये शिकागो विद्यापीठात संशोधनाला शिरला तेव्हा हाती पदवी नव्हती. मी निदान बी. ए. तरी आहे!

तिथे प्राध्यापक नॅथानिएल क्लाइटमन भेटले. झोपेचा अभ्यास करण्यासाठी १९३८ मध्ये ३२ दिवस गुहेत राहिलेला हा माणूस. युजीनला झोपेत काडीचा रस नव्हता, पण काम तेच मिळालं. घरी बायको, मुलगा. राहायला लष्कराच्या जुन्या बराकी, उबेला रॉकेलची शेगडी. पीएच.डी. हुकली असती तर पुन्हा रिकाम्या हातानं परतायचं.

तळघरात एक जुनं यंत्र धूळ खात पडलं होतं. ते त्यानं खटपट करून चालू केलं आणि आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ नि डोक्याला तारा चिकटवून त्याला झोपवलं. एका रात्रीचा कागद अर्धा मैल लांब भरायचा! आणि गाढ झोपलेल्या पोराचे डोळे मध्येच मिटल्या पापण्यांखाली झरझर फिरू लागले. युजीनला आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. तेव्हा सगळे समजत, झोप म्हणजे मेंदूचा दिवा बंद.

क्लाइटमननाही पटेना. त्यांनी स्वतःच्या मुलीवर हाच प्रयोग करून बघितला, मग मानलं. डोळे फिरत असताना लोकांना उठवलं, तर २७ वेळांपैकी २० वेळा त्यांनी स्वप्न सांगितलं. १९५३ मध्ये 'सायन्स' मासिकात हा शोध छापून आला. म्हणजे झोपेतही मेंदूचं काम चालूच असतं, जवळपास जागेपणीसारखं. रात्रीतून चार-पाच वेळा तरी ही पाळी येते. पहाटे चारला पाण्यासाठी उठणाऱ्या बाईचं यातलं किती बुडतं बघा, कारण या झोपेचा मोठा भाग पहाटेच येतो.

त्याच प्रयोगशाळेत विल्यम डिमेंट नावाचा विद्यार्थी होता. वैद्यकीय शिक्षण घेत होता, मानसोपचाराची ओढ होती आणि बास वाजवायचा, गाण्याच्या मैफलींत. त्यानंच हे काम पुढे नेलं आणि १९७० मध्ये स्टॅनफर्डला झोपेच्या आजारांचं केंद्र उभारलं.

युजीन पदवी मिळताच झोप सोडून सिअ‍ॅटलला गेला. तिथे विजेचा सॅमन माशांवर काय परिणाम होतो, ते तपासत बसला. झोपेकडे परतला बऱ्याच वर्षांनी. तारा चिकटवून घेणारा त्याचा मुलगा मोठेपणी मानसशास्त्रज्ञ झाला.