२५२३चं कूळ

महिंद्राच्या बोलेरोच्या किंवा जुन्या थार डीआयच्या माहितीपत्रकात ‘२५२३ सीसी’ असं छापलेलं असे. त्याखाली बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. या दोन आकड्यांवर माझी नजर अडली ती अडलीच. मेट्रिकमध्ये आखणी करणारा माणूस ८८.९ कशाला धरेल? सरळ ८९ किंवा ९० धरेल. दोन्ही आकड्यांना २५.४ ने भागून बघा. साडेतीन इंच आणि चार इंच, एका केसाचाही फरक नाही. अशा चार सिलिंडरांचं आकारमान होतं १५४ घनइंच, आणि हा आकडा जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ओळखीचा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश बी-४१४ ट्रॅक्टरच्या इंजिनाचं नावच होतं बीडी-१५४.

तिथून धागा थेट कांदिवलीला येतो. विलीज जीपची मुंबईत जुळणी सुरू झाली, ती पेट्रोलवर चालायची, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा मोलाची घटना १९६३ची. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर बनू लागला. १९७७मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. कांदिवलीच्या आकुर्ली रोडवर एकीकडे जीप आणि एकीकडे ट्रॅक्टर असे शेजारी नांदत असताना १९७३नंतर पेट्रोल कडाडलं. मग सोयरीक जुळायला वेळ तो काय लागणार? सीजे-५०० डी या जीपमध्ये एमडी-२३५० नावाचं डिझेल इंजिन बसलं. बी-२७५चा बोअर ३ पूर्णांक ३/८ इंच, स्ट्रोक चारच इंच. हिशेब करा, २३४६ सीसी येतात. ‘२३५०’ हे त्याचंच गोळाबेरीज नाव. पुढे स्ट्रोक तसाच ठेवून बोअर साडेतीन इंच केला की झालं आपलं २५२३.

ट्रॅक्टरचं उंच इंजिन जीपच्या बॉनेटखाली मावलं कसं, याचं माझं उत्तर असं आहे. महिंद्राची जीप ज्या साच्यावर बेतलेली होती, त्या सीजे-३बीचं बॉनेट विलीजने मुळातच उंच केलं होतं, कारण त्यांचं हरिकेन हे पेट्रोल इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं. अमेरिकेत त्या उंच नाकाला लोकांनी नावं ठेवली. इथे तीच उंची डिझेलच्या कामी आली.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: महिंद्राचं डिझेल तर प्यूजोकडून आलं ना? प्यूजो आलीच होती. १९७९मध्ये करार झाला आणि एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं इंजिन एमएम-५४० या जीपमध्ये गेलं. पण त्याची मापं पाहा: बोअर ९०, स्ट्रोक ८३. आकडे पूर्णांकातले, अस्सल फ्रेंच, आणि स्ट्रोक बोअरपेक्षा कमी. ८३ मिलिमीटरच्या स्ट्रोकमधून १०१.६ कसा जन्माला येईल? त्यासाठी ब्लॉक आणि क्रँक दोन्ही नव्याने घडवावे लागतील, आणि तेही नेमके इंचांत! हे मला पटत नाही. ज्यांना योगायोग वाटतो, त्यांनी दोन्ही मापं इंचांत पूर्ण का बसतात ते सांगावं.

प्यूजोची शाखा वेगळी वाढली. तिच्या एक्सडी-३ इंजिनाची मापं ९४ आणि ९०, म्हणजे २४९८ सीसी. २०१०च्या थार सीआरडीईचं इंजिनही २४९८ सीसीचंच. स्कॉर्पिओचं २६०९ हे ९४ बाय ९४ निघतं. ही सगळी त्याच फ्रेंच घराण्याची नातवंडं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणजे २०१०मध्ये एकाच थारच्या बॉनेटखाली गिऱ्हाइकाला दोन कुळं मिळत होती. गाडी चालवताना फरक लगेच कळतो. डीआय ६३ अश्वशक्तीची आणि तीही ३२०० फेऱ्यांवरच संपणारी. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गिअर ताणू गेलात तर नुसता आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही. पण लांब स्ट्रोकमुळे खालच्या फेऱ्यांतच ओढ भरपूर. चिखलाच्या चढावर फोर-लो टाकून पहिल्या गिअरात क्लच सोडा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. इंजिन गचके न देता, बंद न पडता टुकूटुकू वर चढतं, नांगर ओढल्यासारखं. सीआरडीई १०५ अश्वशक्तीची, २४७ न्यूटन-मीटरची. टर्बो जागा झाला की ती झेपावते, पण अगदी खालच्या फेऱ्यांवर तिला क्लचचा आधार द्यावा लागतो. हायवेसाठी मी सीआरडीई घेईन, दगडधोंड्यांच्या वाटेला डीआयच.

२५२३ मात्र चिवट निघालं. बोलेरोत त्याला पुढे कॉमन रेलही मिळालं आणि बीएस-४ संपेपर्यंत ते टिकलं. २०२०मध्ये बीएस-६ आलं आणि बोलेरोत एमहॉक इंजिनच उरलं. त्याच वर्षीची नवी डिझेल थार २१८४ सीसीची, १३० अश्वशक्तीची. साडेतीन बाय चार इंचांचा हिशेब या दोन्ही गाड्यांतून तोवर उठला होता.