कोपरा नसलेलं घर : किल्लारीनंतरचे घुमट आणि आपण



आजचा विषय घुमटाच्या घरांचा आहे. फलक वाचून दोघा-तिघांनी दारातच आम्हाला विचारलं, "सर, हा तर आर्किटेक्टचा विषय, तुम्ही तत्त्वज्ञानाचे." खरं आहे. पण घर कसं असावं हे नुसतं परंपरेवर सोडून मराठवाड्यानं एकदा फार मोठी किंमत मोजली. मग ते नुसतं इंजिनिअरवर सोडून दुसरी, लहान पण खरी किंमत मोजली. या दोन्हींच्या मध्ये जो प्रश्न राहिला, तो आमच्या विषयातला आहे. शिवाय या प्रकरणात आमची स्वतःची एक चूक आहे, तीही आज सांगून टाकायची आहे.

आपल्या भागाला घुमट नवा नाही. नांदेडला सचखंड हुजूर साहिबचा सोनेरी घुमट आहे. ते बांधकाम महाराजा रणजितसिंगांच्या काळातलं, १८३२ ते १८३७ मधलं. कंधारला दर्ग्यांचे घुमट आहेत. सोलापूर ओलांडून विजापूरला गेलात तर गोल घुमट, १६५६ चा, बाहेरून ४४ मीटर व्यासाचा. आता एक गोष्ट पाहा. यातल्या एकाही घुमटाखाली कुणाची चूल पेटली नाही. आपल्याकडे घुमट देवाचा, पीराचा, नाहीतर कबरीचा. संसार कायम चौकोनात, माळवदाखाली. ही विभागणी शेकडो वर्षं टिकली आणि ती मोडली एका पहाटेनं.

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन करून दमलेली माणसं झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तीव्रता ६.२. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. पण लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जमिनीनं नाही मारलं हो. घरानं मारलं.

कसं, ते समजून घेऊ. आपली जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, कुठं त्याहूनही जास्त. आतून दगड, बाहेरून दगड, मध्ये माती आणि चिपा. आतल्या थराला बाहेरच्या थराशी बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर तुळया, फळ्या आणि त्यावर पांढरी माती. पावसात गळू नये म्हणून दर वर्षी मिरगाच्या आधी आणखी थोडी माती टाकायची. आजोबांनी टाकली, बापानं टाकली, आपण टाकली. दहा बाय दहाची खोली धरा. वर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट. कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर पावणेसात टन. ज्याला आपण घराची निगा म्हणत होतो, तीच दर वर्षी मरण थोडं थोडं जड करत होती.

तरी माळवद हे काही अडाणीपणाचं लक्षण नव्हतं. मे महिन्यात त्या जाड मातीखाली जो गारवा असतो तो ज्यानं अनुभवला त्यालाच ठाऊक. वर पापड-कुरडया वाळायच्या, धान्य पसरायचं, उन्हाळ्यात अख्खं घर वर झोपायचं. आणि एक बाब तेव्हा पाहणी करणाऱ्यांनीही नोंदवली. जिथं तुळयांचा भार नीट जोडलेल्या लाकडी खांबांवर होता, तिथं कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला. म्हणजे परंपरेत मरण होतं तसा बचावही होता. पण त्या दिवसांत इतकं बारीक पाहण्याच्या मनःस्थितीत कोण होतं?

आम्ही नांदेडहून विद्यार्थी घेऊन गेलो होतो, ढिगारे उपसायला. एक आजी आठवतात. पावसाची झड चालू होती, तरी त्या छपराखाली यायला तयार नव्हत्या. शाळेच्या व्हरांड्यातही नाही. म्हणाल्या, "भिजून कुणी मरत न्हाई, लेकरा." पुढची दोन-तीन वर्षं साऱ्या भागाची हीच अवस्था होती. दगड दिसला की पोटात गोळा. लोकांना दगड नको होता, माती नको होती. स्लॅब हवा होता.

मग पुनर्वसन सुरू झालं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या. ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवायची ठरली. घरांची मापं जमिनीवरून ठरली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचा शेतकरी, त्याला २५० चौरस फूट. सात हेक्टरपर्यंत ४५०. त्यावर ७५०. ज्या गावात जी संस्था, तिथं तिच्या पसंतीचं बांधकाम. बहुतेक ठिकाणी पेटीसारखी सिमेंटची घरं झाली. आणि लातूर जिल्ह्यातल्या गुबाळ गावात उभे राहिले जिओडेसिक घुमट.

हे जिओडेसिक म्हणजे काय? चार काठ्या टोकांना एकेक खिळा मारून चौकट करा आणि ढकला. ती कलंडते. तीन काठ्यांचा त्रिकोण करा. काठी मोडेल, पण त्रिकोण आकार सोडणार नाही. असे त्रिकोण एकमेकांना जोडत गोल कवच करायचं, म्हणजे जिओडेसिक घुमट. कुठंही धक्का बसला की तो साऱ्या जाळ्यात वाटला जातो. पहिला असा घुमट जर्मनीत येना इथं वाल्थर बाउअर्सफेल्डनं १९२० च्या दशकात तारांगणासाठी केला. पण त्याचं शास्त्र मांडलं, नाव दिलं आणि १९५४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते बकमिन्स्टर फुलरनं. इमारतीचं वजन किती, हा त्याचा आवडता प्रश्न. पावणेसात टनांची गोष्ट डोळ्यांपुढे असलेल्या आम्हाला तो प्रश्न ऐकून फुलर आपलाच माणूस वाटला, यात नवल नाही.

आकडे खरोखर त्याच्या बाजूनं आहेत. २५० चौरस फूट जमीन झाकायची आहे. चौकोनी घर, नऊ फूट उंच, तर भिंती आणि छत मिळून सव्वाआठशेच्या आसपास चौरस फूट बांधकाम लागतं. अर्धगोल घुमट केला तर पाचशे. शिवाय वजन कमी आणि डोक्यावर सुटं असं काहीच नाही. भूकंपाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण.

आता आमची चूक. १९९४ मध्ये आम्ही या भागात चार-पाच ठिकाणी बोललो. घुमटाची बाजू घेऊन, मोठ्या उत्साहानं. गणित सांगितलं, त्रिकोण काढून दाखवला. एका गावात मागे बसलेले एक शेतकरी उठले आणि म्हणाले, "सर, समदं पटलं. तुम्ही नांदेडात असं घर बांधनार का?" लोक हसले, आम्हीही हसलो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो. त्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलं नाही. कारण उत्तर "नाही" असं होतं.

पुढं गुबाळला गेलो तेव्हा त्या "नाही"ची कारणं एकेक करून दिसली. पहिलं कारण पुन्हा गणितातलंच, पण आम्ही न मांडलेलं. २५० चौरस फुटांच्या अर्धगोलाचा व्यास जेमतेम १८ फूट, मधली उंची नऊ. कडेला छत खाली येतं. सहा फूट उंची हवी असेल तर ती मिळते फक्त १३७ चौरस फुटांवर. बाकीच्या जागेत वाकून वावरायचं. खाली बुटकी भिंत घेऊन घुमट उचलला तर हे सुधारतं, पण मग बचतही कमी होते. कागदावरची २५० फूट जमीन आणि माणसाच्या वाट्याची २५० फूट जागा एक नसते.

दुसरं, आपला सारा संसार चौकोनी. कपाट, बाज, कोठी, ट्रंक. गोल, झुकत्या भिंतीला यातलं काहीच टेकत नाही. मागे फट राहते, पुढे जागा अडते. खुंटी कुठं मारायची? कॅलेंडर कुठं लावायचं? देव ईशान्येच्या कोपऱ्यात बसवायचे, तर कोपराच नाही. कोपरा ही गोष्ट किती महत्त्वाची असते, हे आम्हाला आमच्या पुस्तकांतून ठाऊक असायला हवं होतं. गास्तों बाशलार या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९५७ मध्ये घराच्या अवकाशावर जे पुस्तक लिहिलं, त्यात एक प्रकरण कोपऱ्यांवर आहे आणि एक गोलाईवर. आम्ही ते वर्गात शिकवलं होतं. गुबाळच्या बायकांनी ते न वाचता समजावून दिलं. सुनेला घटकाभर नजरेआड बसायला कोपरा लागतो. आजाऱ्याला लागतो, बाळंतिणीला लागतो. आणि आडभिंत छतापर्यंत नेणं अवघड असल्यामुळे घुमटात एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. गोल घुमटात पर्यटकांना त्याची मौज वाटते. घरात नाही वाटत.

तिसरं, निगा. सर्वांत साध्या प्रकारच्या, बऱ्यापैकी गोल अशा अर्धघुमटालाही ४० त्रिकोण आणि ६५ कडा असतात. सुटे त्रिकोण जोडून केलेल्या घुमटात प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला एक वाट. आणि इथं भिंत आणि छत वेगळी नाहीत, त्यामुळं सगळीच भिंत पाऊस झेलते. एकसंध सिमेंटचं कवच केलं तर सांधे जातात, पण उन्हानं तापून बारीक भेगा पडतात. माळवद गळलं तर घरचा माणूस टोपलीभर माती घेऊन वर चढत होता. घुमट गळला की कारागीर शोधा, आणि गावात तो नाही. मेमध्ये आत तापतं, आणि रात्री झोपायला वर जायची सोय गेली. गोलावर बाज कशी टाकणार?

चौथं कारण मात्र सर्वांत मोठं. मुलाचं लग्न झालं की आपण एक खण वाढवतो. चौकोनाला चौकोन जोडता येतो. गोलाला काय जोडणार? मग लोकांनी जवळच पत्र्याचं शेड टाकलं, चूल बाहेर काढली, सामान बाहेर आलं. हळूहळू राहणं शेडमध्ये सरकलं.

हे फक्त आपल्याच माणसांच्या सवयीचं प्रकरण आहे असं समजू नका. अमेरिकेत लॉइड कान या गृहस्थानं घुमट बांधायची दोन पुस्तकं १९७० आणि १९७१ मध्ये काढली. ती वाचून पुष्कळ तरुणांनी घुमट बांधले. मग तो स्वतः त्यात राहिला आणि त्याच्या लक्षात आलं : गळती थांबत नाही, चौकोनी सामान कापून वाया जातं, घर वाढवता येत नाही. त्यानं दुसऱ्या पुस्तकाची छपाई बंद केली आणि १९७३ मध्ये जगभरच्या साध्या, परंपरागत निवाऱ्यांवर नवं पुस्तक काढलं. आपली चूक छापून कबूल करणारा हा माणूस आम्हाला फार आवडतो. त्याला जे मुभा होती ते लक्षात घ्या : तो घुमट सोडून जाऊ शकत होता. गुबाळच्या माणसाला घर एकदाच मिळणार होतं.

तर मग दुसरा रस्ता कोणता होता? तोही याच कार्यक्रमात होता, फक्त त्याचे फोटो कमी निघाले. १३ जिल्ह्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास गावांत जुनी घरं दुरुस्त आणि मजबूत करायची योजना होती. नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, तेही हप्त्यानं, घरमालकाच्याच हातात. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं, आणि त्या बायका गवंड्याच्या कामावर नजर ठेवू लागल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. बऱ्याच जणांनी जुनं मजबूत करण्याऐवजी त्याच पैशात एक नवी खोली बांधली. पण त्या रस्त्यात राहणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

घुमट चूक होता असं आमचं म्हणणं नाही. कोठार, सभागृह, तारांगण, संकटातला तात्पुरता निवारा, यासाठी तो उत्तम. "भूकंपात काय पडणार नाही?" या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर होतं. पण "इथं तीस वर्षं कोण, कसं राहणार?" हा प्रश्न कुणी विचारला नाही. आम्हीही नाही. आणि न विचारलेला प्रश्न परत येतो. सुरक्षित घर राहण्याजोगं नसलं की माणूस त्याच्या शेजारी दुसरं बांधतो, हाताला येईल त्या साहित्यानं. नव्या वसाहतींत जुन्या गावाचे दगड आणून मातीत रचलेल्या भिंती आम्ही पाहिल्या. ज्या भिंतींना भिऊन आजी पावसात बसल्या होत्या, त्याच भिंती. फक्त बांधणाऱ्याला ती पहाट आठवत नव्हती, तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

म्हणून हा विषय जुना झालेला नाही. २००७ च्या अखेरीस नांदेड शहरात जमिनीतून आवाज येऊन धक्के बसत होते, आपण रात्री रस्त्यावर काढल्या आहेत. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली भागात ४.५ चे धक्के बसले, ते इथंही जाणवले. दोन्ही वेळा नुकसान फारसं नाही, म्हणून आपण विसरलो.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. गावाकडच्या घराच्या माळवदावर किती माती आहे, ती मोजा. भिंतीत आरपार दगड आहे का, ते गवंड्याला विचारा. नवं बांधणार असाल तर गवंड्याशी आणि इंजिनिअरशी बोलताना घरातल्या बाईला मध्ये बसवा, मागे नको. आणि कुणी आमच्यासारखा प्राध्यापक येऊन नव्या घराचं गणित सांगू लागला, तर त्याला त्या शेतकऱ्याचा प्रश्न जरूर विचारा. तो हसून पुढच्या मुद्द्यावर गेला, तर तुम्ही जाऊ देऊ नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.