हेतूंचें अंतर

परग्रहावरील अतिप्रगत प्राणी, किंवा मानवानंतर येणारे मानवाहून बुद्धिमान जीव, हे आपले मित्र ठरतील कीं शत्रु, असें हल्लीं वारंवार विचारलें जातें. परंतु त्याआधीं विचारण्याजोगा प्रश्न त्यांच्या हेतूंचा आहे. आपल्याहून साधनसंपन्न अशा परक्या सत्तेशीं गांठ पडल्याचा अनुभव यवतमाळ जिल्ह्यास आहे. तोच येथें तपासून पाहूं.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातीं दिला. यवतमाळचा मुलूख त्यांतच होता. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांची दृष्टि येथील काळ्या जमिनीवर स्थिरावली. आगगाडी आली, सरकी काढण्याचे कारखाने आले. पुढें मूर्तिजापूर-यवतमाळ हा लहान रुळांचा मार्गही कापसासाठींच झाला. यांत द्वेष नव्हता, तसा उपकारही नव्हता. गिरणीच्या चात्यांस लांब धागा हवा, म्हणून अधिकारी ‘बनी’ कापसाची थोरवी गात. रयतेस भरघोस पीक हवें, म्हणून ती जाड, आंखूड धाग्याच्या जाती पेरी. शेत एकच, शहाणपण दोहोंकडे. निराळा होता तो हेतु.

जंगलाचेंही तसेंच. सरकारच्या लेखीं तें लांकूड व महसूल. गांवकऱ्यांच्या लेखीं गुरांचा चारा. जुलै १९३० मध्यें वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदजवळ राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडला व कारावास पत्करला.

हा दाखला मात्र येथेंच अपुरा पडतो. सत्याग्रहाचा सारा भरंवसा समोरच्या मनुष्याच्या विवेकावर असतो. दादाभाई नौरोजींनीं १९०१ सालच्या आपल्या ग्रंथाच्या नांवांतच हिंदुस्थानांतील राज्यकारभार ब्रिटिशांस न शोभणारा ठरविला. इंग्रजांस इंग्रजांच्याच नीतीचें माप लावतां आलें, कारण हेतु भिन्न असले तरी तें माप उभयतांस कळत होतें.

बुद्धि वाढली कीं हें माप आपोआप हातीं येतें, अशी एक गोड समजूत आहे. वऱ्हाडचा इतिहास तिला दुजोरा देत नाहीं. कुशलतेनें हेतु साधतो, सुधारत नाहीं. ज्यांस भूक, वार्धक्य व अपत्यस्नेह ठाऊकच नाहीं, त्यांच्यापुढें गवताची पेंढी कापून कोणता अर्थ पोंचविणार? म्हणून, अशी बुद्धि जर मनुष्याच्याच हातून घडावयाची असेल, तर तिच्या सामर्थ्याचें कौतुक करण्यापूर्वीं तिच्या हेतूंत आपल्याला जागा आहे कीं नाहीं, याची विचारपूस झाली पाहिजे. सामर्थ्य आल्यानंतर विचारणाऱ्यास उत्तर मिळेलच, याची हमी कोणी द्यावी?