लेडन, जॉन

जॉन लेडन (८ सप्टेंबर १७७५ – २८ ऑगस्ट १८११) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील स्कॉटिश शल्यचिकित्सक, म्हैसूर सर्वेक्षणातील निसर्ग-अभ्यासक आणि आशियाई भाषांच्या तौलनिक अभ्यासाच्या आरंभीच्या प्रवर्तकांपैकी एक होता. बाबराच्या आत्मचरित्राच्या पहिल्या इंग्रजी भाषांतरावर विल्यम अर्स्किन याच्यासह त्याचे नाव आहे. तथापि ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले तेव्हा लेडनला वारून पंधरा वर्षे झाली होती.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील रॉक्सबरोशर परगण्यातल्या डेनहोम या गावी एका मेंढपाळाच्या घरी तो जन्मला. धर्मोपदेशक व्हावे म्हणून १७९० मध्ये तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला आणि ईश्वरविद्येबरोबरच हिब्रू, अरबी, फार्सी व अनेक युरोपीय भाषा त्याने बहुतांशी स्वतःच्या बळावर शिकून घेतल्या. १७९८ मध्ये त्याला धर्मोपदेशाचा परवाना मिळाला, पण त्या व्यवसायात तो रमला नाही. वॉल्टर स्कॉट सीमाप्रदेशातील पोवाडेवजा लोकगीते जमवत होता, तेव्हा लेडनने त्याला मोलाचे साहाय्य केले. तोंडी परंपरेकडे ज्ञानाचे साधन म्हणून पाहण्याची जी दृष्टी पुढे त्याच्या आशियातील कामात दिसते, तिचे मूळ या गीतसंग्रहात शोधणे योग्य ठरेल.

पूर्वेकडे जाण्याची त्याला ओढ होती, परंतु कंपनीच्या नोकरीत त्या वेळी साहाय्यक शल्यचिकित्सकाचीच जागा मिळण्याजोगी असल्यामुळे त्याने अवघ्या काही महिन्यांत वैद्यकाची परीक्षा देऊन पात्रता मिळवली. ऑगस्ट १८०३ मध्ये तो मद्रासला उतरला आणि तेथील इस्पितळात काम करू लागला. पुढच्या वर्षी कॉलिन मॅकेंझी याच्या म्हैसूर सर्वेक्षणात शल्यचिकित्सक व निसर्ग-अभ्यासक म्हणून त्याची नेमणूक झाली. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर हाती आलेल्या मुलखाची नीट माहिती कंपनीला हवी होती आणि त्यासाठीच हे सर्वेक्षण सुरू झाले होते. जमिनीची मोजणी, खडक व खनिजे, पिके, रोगराई, देशी औषधे आणि लोकांच्या भाषा असा त्याचा मोठा पसारा होता. लेडनची विद्या अशा रीतीने राज्यविस्ताराच्या यंत्रणेतच वाढली, ही गोष्ट तिचे मोल ठरवताना नजरेआड करता येत नाही.

दक्षिणेतील हवामान त्याच्या प्रकृतीला मानवले नाही. तापाने खंगून तो श्रीरंगपट्टणला राहिला असताना जॉन माल्कम (पुढे मुंबईचा गव्हर्नर) याच्याशी त्याची मैत्री जुळली. १८०५ मध्ये मलबार व कोचीन पाहून हवापालटासाठी तो मलाया द्वीपकल्पालगतच्या पेनांग बेटावर गेला. तेथे कंपनीचा अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स याच्याशी त्याचा स्नेह झाला आणि मलय भाषेचा व हस्तलिखितांचा अभ्यास सुरू झाला. १८०६ मध्ये कलकत्त्यास आल्यावर फोर्ट विल्यम महाविद्यालयात हिंदुस्थानीचा प्राध्यापक, नंतर न्यायाधीश आणि अखेरीस टांकसाळीत धातूंचा कस तपासणारा अधिकारी अशी पदे त्याला मिळत गेली, पण त्याचा खरा वेळ आणि बराचसा पैसा मुनशींच्या संगतीत भाषा शिकण्यात व पोथ्या जमवण्यात जाई.

एशियाटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेच्या दहाव्या खंडात (१८०८) प्रसिद्ध झालेला, भारत आणि चीन यांच्या दरम्यानच्या लोकांच्या भाषा व वाङ्मय यांवरील निबंध हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे भाषाशास्त्रीय लेखन आहे. मलय, जावाई, बुगी, बर्मी, मोन, थाई, ख्मेर, अनामी अशा भाषांना एका आराखड्यात आणण्याचा तो मोठा आरंभिक प्रयत्न होता. शब्द एकावयवी आहेत की अनेकावयवी यावर त्याने केलेली विभागणी आजच्या भाषाकुलांच्या कसोटीवर टिकत नाही. मात्र शब्दसंग्रह शेजारी शेजारी मांडून नाते तपासण्याची शिस्त त्यात आहे. १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापलेला बर्मी, मलय व थाई भाषांचा तौलनिक शब्दसंग्रह याच शिस्तीचे फळ होय. पश्तू भाषेच्या आधारे बायजीद अन्सारी याच्या रोशनी पंथावर त्याने लिहिलेला निबंधही उल्लेखनीय आहे. त्याला किती भाषा येत, याचे मोठमोठे आकडे चरित्रकार देतात. त्यांवर भर देण्यात अर्थ नाही, कारण बोलता येणारी भाषा आणि मुनशीच्या मदतीने वाचलेली भाषा यांतले अंतर अशा मोजदादीत पुसले जाते, आणि त्या मुनशींचे श्रमही अदृश्य होतात.

१८११ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो याच्यासोबत तो जावा बेटावरील स्वारीत दुभाषा म्हणून गेला. बटाविया (आजचे जकार्ता) हाती येताच तेथील हस्तलिखिते पाहण्याच्या उत्सुकतेने तो एका कोंदट, बंद ग्रंथदालनात शिरला. त्यानंतर त्याला ताप भरला आणि तीन दिवसांत, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. माल्कमने ‘बॉम्बे कुरियर’ या मुंबईच्या वृत्तपत्राला पत्र लिहून त्याच्या विद्वत्तेचा गौरव केला.

मलाक्काच्या सुलतानांचा इतिहास सांगणाऱ्या ‘सजारह मलायू’ या मलय ग्रंथाचे त्याने केलेले भाषांतर रॅफल्सने १८२१ मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. बाबराच्या आत्मचरित्राची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पेशावरकडे मिळालेली मूळ चगताई तुर्की भाषेतील प्रत लेडनकडे आली होती आणि तिच्यावरून त्याने भाषांतर सुरू केले होते. मुंबईच्या लिटररी सोसायटीचा चिटणीस अर्स्किन (घारापुरीच्या लेण्यांवरील निबंधामुळे तो महाराष्ट्राच्या अभ्यासकांना परिचित आहे) त्याच सुमारास फार्सी भाषांतरावरून स्वतंत्रपणे काम करीत होता. लेडनचे अपुरे बाड व नंतर एल्फिन्स्टनची तुर्की प्रत हाती आल्यावर अर्स्किनने आपला मजकूर पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिला, विस्तृत टीपा जोडल्या आणि १८२६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करताना लेडनचे नाव आपल्या आधी घातले. अ‍ॅनेट बेव्हरिज हिने हैदराबादच्या तुर्की प्रतीवरून नवे भाषांतर पूर्ण करीपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, इंग्रजी वाचकाला बाबर मुख्यतः याच ग्रंथातून भेटत राहिला.