रिकामी खेप

१९७२च्या दुष्काळात आमचे अण्णा तालुक्याच्या वखारीत लाकूड फोडायला जायचे. मी तेव्हा बारा वर्षांचा. दुपारची भाकरी पोचवायची आणि त्यांचं काम संपेपर्यंत तिथंच बसायचं, हे माझं काम. मजुरी मणावर होती. जेवढं फोडाल तेवढं पोटाला. तरी अण्णा कधी घाईत दिसले नाहीत. आधी दहा-बारा ओंडके रांगेत उभे करायचे. मग एकेकाभोवती फिरून वाळताना पडलेली चीर शोधायची आणि त्या चिरेवरच कुऱ्हाड घालायची. गाठीची बाभूळ असली तर पाचर आणि घण. शेजारचे तरणे गडी दणादण घाव घालायचे, पण संध्याकाळी ढीग अण्णांचाच मोठा असायचा.

मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भरल्या गाडीला वेळ लागतोच रे. रिकामी खेप वाचवायची."

त्या वयात ते डोक्यावरून गेलं. कळायला पुढं पंचेचाळीस वर्षं आणि घरातल्या पोराचं एक बोट गेलं.

वादळात बांधावरच्या बाभळी आडव्या झाल्या, त्या साली मी एका मिस्त्रीकडून ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारं लाकूडफोडीचं यंत्र करून घेतलं. आडव्या लोखंडी गर्डरवर एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला सिलिंडर. मधे ओंडका ठेवायचा, लिव्हर दाबायचं, रॉड ओंडक्याला पात्यावर रेटतो. घणानं न फुटणारी गाठ तिथं काकडीसारखी फुटायची. पण चाल गोगलगायीची. एक जाणं-येणं व्हायला वीस सेकंद. सरपण नेणारे आचारी, गुऱ्हाळवाले ताटकळायचे.

हा मंदपणा यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. कोंडलेल्या पाण्यावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे सांगितलं फ्रान्सच्या पास्कलनं. त्याचा ग्रंथ तो गेल्यावर, १६६३ साली छापून आला. त्यावर कामाचं यंत्र उभं केलं इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं. हा यॉर्कशरमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. पाय अधू झाल्यानं शेतीला निकामी ठरला आणि सुतारकामाला लागला. त्यानं १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. लहान दट्ट्या पुष्कळ चालवला की मोठा दट्ट्या थोडासाच सरकतो, पण प्रचंड जोरानं. जोर पाहिजे तर चाल सोडावी लागते. व्यवहार रोख आहे, उधारी नाही.

या ब्रामाची अखेरही लाकडाशीच बांधलेली. १८१४ साली हॅम्पशरमधल्या होल्टच्या जंगलात त्याच्या प्रेसनं झाडं मुळासकट उपटायचं काम चाललं होतं. त्यावर देखरेख करताना त्याला थंडी बाधली आणि त्यातच तो गेला. पुढं तीच युक्ती पाण्याऐवजी तेलावर ट्रॅक्टरमध्ये आली. हॅरी फर्ग्युसन हाही आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचाच मुलगा. हायड्रॉलिकनं अवजार उचलणारे त्याच्या रचनेचे ट्रॅक्टर १९३६ पासून बाजारात आले.

आता बोटाची गोष्ट. पुतण्या तरुण, त्याला ते वीस सेकंद सोसवेनात. लिव्हर धरून उभं राहण्यात एक हात अडकतो, म्हणून त्यानं पुढं जायचं लिव्हर ट्यूबच्या रबरानं बांधून टाकलं. दोन्ही हात मोकळे! दोन दिवस काम खरंच झपाट्यानं झालं. मीही बघितलं आणि गप्प बसलो, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी ओंडका तिरका झाला, तो सरळ करायला त्यानं हात घातला. लिव्हर मोकळं असतं तर सोडताक्षणी रॉड थांबला असता. बांधलेला रॉड थांबला नाही. डाव्या हाताचं मधलं बोट अर्ध्यातून गेलं.

तीन महिने यंत्राकडं कुणी फिरकलं नाही. मग मिस्त्रीला बोलावून हिशेब मांडला. सिलिंडर आतून १०० मिलिमीटरचा, चाल ६० सेंटिमीटर. म्हणजे एका वेळी पावणेपाच लिटर ऑइल भरायला पाहिजे. ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला २४ लिटर देणारा. जायला बारा सेकंद, यायला नऊ. त्यातलं खरं फोडणं चार बोटं अंतराचं. बाकी सगळी रिकामी खेप! अण्णांचं बोलणं मला त्या दिवशी उमगलं.

आमचे ओंडके सव्वा फुटाचे. मग रॉड ६० सेंटिमीटर मागं न्यायचा कशाला? रॉडवर एक पट्टी बसवली. ४२ सेंटिमीटर मागं आला की ती परतीचं लिव्हर ढकलून मधे आणते. फुकटात सहा सेकंद वाचले. बारीक पाइप काढून जाड घातले, म्हणजे ऑइल कोंडत नाही आणि तापत नाही. पुढं पैसे जमल्यावर वेगळं इंजिन, टाकी आणि दुहेरी पंप घेतला. त्यात गिअरच्या दोन जोड्या असतात. रॉड रिकामा चालतो तेव्हा दोन्ही मिळून भरपूर ऑइल देतात. पात्यावर जोर आला की मोठ्या जोडीचं ऑइल टाकीत परत जातं आणि धाकटी जोडी एकटी, सावकाश, पण पूर्ण दाबानं रेटते. माळावर पळायचं आणि चढावर रेटायचं, अशी बैलासारखी चाल. आता एक खेप दहा-अकरा सेकंदांत होते.

दोन गोष्टींना मिस्त्री नाही म्हणाला. एक, प्रेशरचा स्क्रू आवळणं. त्यानं चाल वाढत नाही, पाइप मात्र फुटतो. दुसरी, ८० मिलिमीटरचा सिलिंडर. तो दीडपट पळेल, पण त्याच दाबावर बारा टनांचा जोर साडेसातवर येईल आणि बाभळीची गाठ त्याला दाद देणार नाही. चौफुलीचं पातं घेतलं, ते फक्त सरळ निलगिरीसाठी. एका रेट्यात चार फाका पडतात.

ओंडके मात्र अण्णांच्या रीतीनं आधीच रांगेत, कमरेच्या उंचीला मांडून ठेवतो. वाकण्यात जाणारा वेळ कुठल्याच पंपानं भरून निघत नाही.

परतीचं लिव्हर खटक्यावर अडकून राहतं. त्याला हरकत नाही, कारण तेव्हा रॉड ओंडक्यापासून लांब जात असतो. पुढचं लिव्हर हातानंच धरायचं, सोडलं की थांबलंच पाहिजे. ते सेकंद वाचवायचे नाहीत. यंत्रावर आता पुतण्याच असतो. नवा गडी आला की तो काही समजावत बसत नाही. आधी डावा हात पुढं करतो, मग इंजिन चालू करतो.