निळी राहिलेली नळी

मी १९८४ साली रत्नागिरीतल्या एका खाजगी लॅबमध्ये कामाला लागले, तेव्हा साखर बघायची म्हणजे आधी स्पिरिटचा दिवा पेटवायचा. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण ५ मिली, त्यात लघवीचे ८ थेंब आणि उकळी. रंग हिरवा झाला तर साखर थोडी; मग पिवळा, नारिंगी; आणि विटकरी झाला की साखर भरपूर. निळाच राहिला तर रजिस्टरात ‘निल’ लिहून नळी धुवायला टाकायची.

त्यातली एक निळी नळी मी विसरलेले नाही. लांज्याकडची एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर पहिल्या एसटीने उपाशीपोटी आली होती. चार-चार महिने पाळी नाही, हनुवटीवर राठ केस, मान काळपट आणि मखमलीसारखी जाड. आई म्हणाली, “बाय, डाळीचं पीठ लावून लावून घासलंय, पण मळ काय निघत नाय.” नळी निळी राहिली. रक्तातली साखरही ९२. मी ‘नॉर्मल’ लिहिलं. “लगीन झालं की होईल सगळं नीट,” म्हणत आईने कागद घडी करून पिशवीत ठेवला.

तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन वाढलं की मान, काखा अशा काळवंडतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की साखर ठिकाणावर ठेवायला स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडत राहतं. साखर ९२ दिसते ती त्या राबण्यामुळे. वाढलेलं इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. त्यांना बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं. मग पाळी रखडते, हनुवटीवर केस येतात.

हे धागे जगातही फार उशिरा जुळले. पॅरिसच्या आशार आणि तिएर यांनी दाढी आलेल्या मधुमेही बायकांबद्दल १९२१ मध्ये लिहिलं. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थॉल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांचे फुगलेले बीजकोश नोंदवले. एका जोडीने रक्त पाहिलं, दुसरीने बीजकोश. रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच मोजमापाने १९८० मध्ये अमेरिकेत दिसलं, की असे बीजकोश असलेल्या बायकांचं इन्सुलिन चढलेलं असतं. म्हणजे ती मुलगी आमच्या बाकावर बसली तेव्हा उत्तर छापून आलेलं होतं. आमच्या लॅबपर्यंत तो प्रश्नच पोचला नव्हता.

पुढे आम्ही अशा मुलींचं सिरम इन्सुलिन मोजायला मुंबईला पाठवू लागलो. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटंच कमी दिसतं, म्हणून सिरम जपून वेगळं करायचं, बर्फाच्या थर्मासात घालायचं आणि रात्रीच्या बसवर द्यायचं. काही मुलींच्या नळीत सेंट्रिफ्यूजनंतर पिवळसर पारदर्शक सिरमऐवजी पातळ ताकासारखं गढूळ काही वर यायचं. ते ट्रायग्लिसराइड. चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, बहुतेकदा कमीच. विशीतल्या पोरींचं रक्त पन्नाशीच्या माणसासारखं!

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुली तपासल्या. २०१४ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात निदानाच्या रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा हाच विकार, निघाला, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी जाड नव्हत्या. नुसत्या अंगकाठीवरून ‘हिला काही नाही’ म्हणू नये, ते यासाठी.

लांज्याची ती मुलगी तिशी उलटल्यावर पुन्हा आली. या वेळी उपाशीपोटी साखर २१४ होती. तिने मला ओळखलं, आणि मी तिची मान ओळखली.

आता मी सकाळी दोनच तास लॅबमध्ये बसते. पाळी चुकणारी मुलगी आली की सुई हातात घेण्याआधी तिची मान बघते. मान काळी दिसली तर डॉक्टरांना फोन करून विचारते, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेऊ का? आणि तिच्या आईला सांगते, “वहिनी, घासू नका ती मान. तिला दुखतं, आणि तो मळ नाही.”